पाचामुखी परमेश्वर, पण पाच कोण?

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, रुग्णांचे नातेवाईक प्लाझ्मासाठी रक्तपेढ्यांचे उंबरे झिजवत होते. आजारातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातून काढलेला हा द्रव आपल्या माणसाला वाचवील, या आशेने लोक रात्री-अपरात्री दात्यांचा शोध घेत होते, त्यासाठी कर्ज काढत होते. वास्तविक पाहता या उपचाराची परीक्षा आधीच झालेली होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील ३९ रुग्णालयांत मध्यम स्वरूपाच्या आजाराच्या ४६४ प्रौढ रुग्णांवर त्याची चाचणी घेतली होती. प्लाझ्मा दिल्याने आजार बळावण्याचे वा मृत्यूचे प्रमाण कमी होत नाही, हा तिचा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्धही झाला होता. तरीसुद्धा तज्ज्ञांनी संमत केलेल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत प्लाझ्माला जागा राहिली. ती १७ मे २०२१ रोजी काढून टाकण्यात आली, तोवर दुसऱ्या लाटेने आपला वाटा घेतलेला होता.

ही घटना पुन्हा सांगण्याचे कारण असे की, आरोग्यसेवेत आणि औषधांच्या क्षेत्रात "तज्ज्ञांची याबाबत सहमती आहे" या वाक्याला आज फार मोठे वजन आले आहे. कोणते औषध वृद्धांना देऊ नये, दवाखान्यातील सेवेचा दर्जा कोणत्या कसोट्यांवर मोजावा, संशोधनाचा पैसा कोठे खर्च व्हावा, असे प्रश्न तज्ज्ञांचे गट बोलावून, ठरावीक पद्धतीने त्यांची मते गोळा करून सोडवले जातात. या पद्धतींचे एक शास्त्रच तयार झालेले आहे. "पाचामुखी परमेश्वर" ही आपल्याकडची जुनी म्हण त्याच विश्वासावर उभी आहे. परंतु पाच जणांच्या मुखातून परमेश्वर बोलतो असे मानण्याआधी ते पाच कोण, त्यांना कोणी बोलावले, त्यांना काय विचारले आणि सहाव्याला दाराबाहेर का ठेवले, हे विचारणे भाग आहे. या पद्धती टाकाऊ नाहीत; उलट आपल्याकडे त्यांची गरज अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र ज्या रूपात त्या बहुधा वापरल्या जातात, त्या रूपात त्या स्वीकारता येणार नाहीत.

बाँबच्या हिशेबातून जन्मलेली पद्धत

या पद्धतींपैकी सर्वांत प्रसिद्ध पद्धतीचे नाव डेल्फाय. ग्रीसमधील डेल्फी येथे देवतेचा कौल घेत असत, त्यावरून ते पडले. आपल्याकडे कोकणात देवापुढे कौल लावतात, तसाच तो प्रकार. परंतु या पद्धतीचा जन्म देवळात झाला नाही. अमेरिकेच्या हवाई दलासाठी काम करणाऱ्या रँड या संस्थेत नॉर्मन डॉल्की आणि ओलाफ हेल्मर यांनी १९५१ मध्ये तिचा एक प्रयोग केला. सात तज्ज्ञांना प्रश्न घालण्यात आला: सोव्हिएत सेनानींच्या जागी बसून विचार केला, तर अमेरिकेचे शस्त्रोत्पादन ठरावीक प्रमाणात खाली आणण्यासाठी किती अणुबाँब लागतील? पहिल्या फेरीतील उत्तरे ५० पासून ५,००० पर्यंत पसरली होती. तज्ज्ञांना एकत्र न बसवता, एकमेकांची नावे न कळू देता, प्रश्नावल्यांच्या फेऱ्यांमागून फेऱ्या घेण्यात आल्या. अखेर दुरुस्त केलेली उत्तरे १६७ ते ३६० या टप्प्यात आली. हा प्रयोग १९६३ मध्ये जाहीरपणे प्रसिद्ध झाला.

या आकड्यांकडे नीट पाहावे. सात जणांचे अंदाज एकमेकांच्या जवळ आले, एवढेच यातून सिद्ध होते. ते सत्याच्या जवळ आले की नाही, हे तपासण्याची सोय तेथे नव्हती आणि सुदैवाने तशी वेळही आली नाही. जवळ येणे आणि बरोबर असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुढे ही पद्धत रुग्णालयांत आणि औषधांच्या संशोधनात आली, तेव्हा हा भेद पुष्कळांच्या नजरेआड झाला.

दुसरी पद्धत आंद्रे डेलबेक आणि अँड्र्यू व्हॅन द व्हेन यांनी मांडली व १९७२ मध्ये आरोग्यविषयक संशोधनासाठी पुढे केली. हिला नाममात्र गटाची पद्धत म्हणता येईल. येथे माणसे एका खोलीत समोरासमोर बसतात, परंतु आरंभी कोणी बोलत नाही. प्रत्येक जण आपली मते कागदावर लिहितो. मग पाळीपाळीने एकेक जण आपले एकेक मत सांगतो आणि ते फळ्यावर लिहिले जाते. सर्वांचे सर्व मुद्दे फळ्यावर आल्यावरच चर्चा सुरू होते, आणि शेवटी प्रत्येक जण स्वतंत्रपणे, गुप्तपणे त्यांचा क्रम लावतो. आरंभी गट केवळ नावापुरता असतो, म्हणून हे नाव.

पदाचा दबाव आणि लेखणीचे बळ

या दोन्ही पद्धतींचा खरा गुण त्यांच्या या रचनेत आहे. नेहमीच्या समितीत काय होते, हे ज्यांनी कोणत्याही बैठकीत तासभर घालवला आहे त्यांना सांगावयास नको. अध्यक्ष बोलतात, मग ज्येष्ठ बोलतात, मग त्यांना दुजोरा देणारे बोलतात, आणि इतिवृत्तात "सर्वानुमते" असा शब्द पडतो. आपल्या रुग्णालयांत तर विभागप्रमुखापासून वॉर्डबॉयपर्यंत उतरंड इतकी पक्की आहे की, वरच्याने मत दिल्यावर खालच्याने वेगळे मत देणे हा उद्धटपणा समजला जातो. औषधाचे दोन परिणाम एकमेकांवर कसे आदळतात याचे शिक्षण घेतलेला फार्मासिस्ट खिडकीमागे उभा राहून गोळ्या मोजतो. चिठ्ठीतील चूक त्याच्या ध्यानात आली तरी ती सांगण्याची जागा त्याला क्वचितच असते. रात्रपाळीची परिचारिका कोणत्या गोळीनंतर म्हातारा रुग्ण भ्रमिष्टासारखा वागू लागतो हे रोज पाहते. परंतु तिचे निरीक्षण केसपेपरवर आले तरी धोरणात येत नाही.

आधी लिहा, मग बोला. नाव न सांगता लिहा. आणि प्रत्येकाचे मत फळ्यावर आल्याखेरीज कोणाच्याही मतावर शेरा मारू नका. हे साधे नियम या उतरंडीला तेवढ्यापुरते बाजूस सारतात. प्राध्यापकाचा कागद आणि परिचारिकेचा कागद यांचे वजन सारखे होते. एवढ्या एका कारणासाठीही या पद्धती आपल्या जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी औषधभांडारांत यावयास हव्यात.

जेथे पुरावा नाही, तेथे

औषधांच्या क्षेत्रात या पद्धतीने केलेल्या कामाचे ठळक उदाहरण म्हणजे वृद्धांच्या औषधांच्या याद्या. १९९१ मध्ये अमेरिकेत मार्क बीअर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ तज्ज्ञांची मते डेल्फायच्या सुधारित रूपाने गोळा करून, शुश्रूषागृहांतील वृद्धांना कोणती औषधे शक्यतो देऊ नयेत याची यादी तयार केली. अंगात दीर्घकाळ रेंगाळणारी झोपेची व चिंतेवरची औषधे तीत होती. कारण त्यांनी वृद्ध माणसे पडतात आणि कंबरेचे हाड मोडते. तेव्हापासून ही यादी वारंवार सुधारली गेली आहे. २००८ मध्ये आयर्लंड व ब्रिटनमधील १८ तज्ज्ञांनी याच पद्धतीने आणखी एक यादी केली. काय थांबवावे याच्या ६५ आणि काय सुरू करावे याच्या २२ कसोट्या तीत होत्या. दुसरा भाग विशेष महत्त्वाचा. कारण वृद्धाला नको ते औषध देणे ही जशी हानी, तशीच त्याच्या वयाकडे पाहून हवे ते औषध न देणे हीही हानीच.

येथे तज्ज्ञांचे मत का घ्यावे लागले? कारण औषधांच्या चाचण्यांतून वृद्धांना, विशेषतः एकाच वेळी चार-पाच आजार असलेल्या वृद्धांना, बहुधा वगळलेले असते. औषध तरण्या वा मध्यमवयीन देहावर तपासले जाते आणि ऐंशी वर्षांच्या देहाला दिले जाते. पुराव्यातील ही पोकळी अनुभवाने भरणे अपरिहार्य होते, आणि अनुभव शिस्तीने गोळा करावयाचा तर अशी काही पद्धत हवीच. हे या पद्धतीचे योग्य क्षेत्र होय. तथापि एक गोष्ट विसरता कामा नये: पोकळी सहमतीने झाकली, म्हणून ती भरली असे होत नाही. वृद्धांना चाचण्यांतून का वगळले, हा प्रश्न यादीनंतरही शिल्लक राहतो.

आणि जेथे पुरावा आहे वा मिळवता येतो, तेथे मतदान घेणे हा जनतेच्या जिवाशी केलेला खेळ ठरतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांत ठोक्यांची अनियमितता दिसते. ती औषधाने दाबली तर मृत्यू टळतील, असे १९८० च्या दशकात हृदयरोगतज्ज्ञांत सर्वत्र मानले जात होते. तर्क बिनचूक वाटत होता आणि एनकेनाइड व फ्लेकेनाइड ही औषधे ठोके नियमित करतही होती. अखेर अमेरिकेत रीतसर चाचणी झाली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अंतिम हिशेबात औषध घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ मरण पावले होते, आणि औषधाच्या जागी निरुपद्रवी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. त्याआधी कोणी डेल्फायच्या फेऱ्या घेतल्या असत्या, तर निकाल बहुधा औषधाच्याच बाजूने लागला असता, आणि फेरीगणिक अधिक ठामपणे. ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात जेरेमी जोन्स आणि डंकन हंटर यांनी १९९५ मध्येच इशारा दिला होता की, सहमती झाली याचा अर्थ बरोबर उत्तर सापडले असा होत नाही. एखाद्या गटाचे सामूहिक अज्ञानही याच मार्गाने शास्त्राचा शिक्का घेऊन बाहेर पडू शकते.

सहमती घडवली कशी जाते

प्रस्तुत लेखकाचे काम भाषांतराचे आहे, आणि या विषयातील मजकूर मराठीत आणताना पहिली अडचण शब्दाचीच येते. एकमत, मतैक्य, सर्वसंमती, सहमती हे शब्द आपण सरसकट वापरतो. परंतु एकमतात वेगळे मत उरलेले नसते, सर्वसंमतीत विरोध कोणी बोलून दाखवलेला नसतो, आणि सहमतीत मतभेद जागच्या जागी ठेवून एखाद्या गोष्टीपुरते एकत्र आलेले असतात. डेल्फायच्या शेवटी यांपैकी काय हाती येते? हाती येते ती एक टक्केवारी. कोणी ७० टक्क्यांना सहमती म्हणतो, कोणी ८० टक्क्यांना. हा आकडा कोणत्याही निसर्गनियमातून निघत नाही. तो संशोधक ठरवतो. तो आधी जाहीर केला नाही, तर हाती आलेली उत्तरे पाहून मागाहून ठरवण्याचा मोह कोण आवरणार?

फेऱ्यांचेही तसेच आहे. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाला गटाचे सरासरी मत कळवले जाते आणि आपल्या मताचा फेरविचार करण्यास सांगितले जाते. नवा युक्तिवाद वाचून मत बदलणे हा विचार होय. केवळ आकडा पाहून मत बदलणे ही शरणागती होय. कागदावर मात्र दोन्ही सारखीच दिसतात. त्यातही ज्यांचे मत वेगळे असते, ते कंटाळून पुढच्या फेरीला उत्तरच पाठवत नाहीत. त्यांची गणना होत नाही, आणि सहमतीची टक्केवारी आपोआप वर चढते. या पद्धतीवरील कठोर टीका रँडमधूनच, हॅरोल्ड सॅकमन यांच्या लेखणीतून, १९७४ मध्ये आलेली आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्याच संस्थेत पुढे विकसित झालेल्या दुसऱ्या एका पद्धतीत नऊ अंकी मोजपट्टीवर मते घेतात आणि गटात फूट असेल तर ती फूट म्हणूनच नोंदवतात. सर्वांना एका अंकाकडे ढकलण्याचा आग्रह तीत नाही. हा मार्ग अधिक प्रामाणिक आहे.

शब्दांचा प्रश्न येथेही येतो. "हे औषध योग्य आहे का?" असे मराठीत विचारले, तर कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या कानाला तो प्रश्न "डॉक्टरसाहेबांनी केले ते बरोबर आहे का?" असा ऐकू येतो, आणि त्याचे उत्तर ठरलेले असते. त्याऐवजी "या रुग्णाला या औषधाने होणारा फायदा त्याच्या त्रासाहून जास्त आहे का?" असे विचारले, तर उत्तर देणारा आपला अनुभव आठवू लागतो. आपल्याकडे प्रश्नावल्या बहुधा इंग्रजीत निघतात, आणि इंग्रजीत उत्तर देणाऱ्यांचीच सहमती मग देशाची सहमती ठरते. प्रश्न कोणत्या भाषेत घातला, यावर उत्तर देणारे कोण हे ठरून जाते.

पडद्यामागचे हात

याहून गंभीर प्रश्न हितसंबंधांचा. मे २०१२ मध्ये आरोग्य व कुटुंबकल्याण विषयक संसदीय स्थायी समितीने केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेच्या कारभारावरचा आपला ५९ वा अहवाल सादर केला. नव्या औषधांना परवानगी मिळावी म्हणून निरनिराळ्या शहरांतील तज्ज्ञांनी दिलेली शिफारसपत्रे समितीने एकमेकांशेजारी ठेवून पाहिली, तेव्हा त्यांतील काहींची वाक्येच्या वाक्ये शब्दशः सारखी निघाली. एकमेकांपासून शेकडो मैल दूर बसलेल्या तज्ज्ञांना एकच वाक्यरचना सुचली, असे मानण्याइतकी समिती भाबडी नव्हती. औषध कंपन्या, यंत्रणेतील काही अधिकारी आणि काही वैद्यकीय तज्ज्ञ यांच्या संगनमताचा पुरेसा पुरावा नोंदींत आहे, असा निष्कर्ष तिने काढला.

ही पत्रे डेल्फायची नव्हती, हे खरे. परंतु धडा तोच आहे. तज्ज्ञांनी एकमेकांना निनावी असावे हा दबाव टाळण्याचा उपाय होय. तज्ज्ञ जनतेला निनावी राहावेत, हा त्याचा अर्थ नव्हे. कोणाला बोलावले, का बोलावले, त्यांना कोणत्या कंपनीकडून मानधन वा प्रवासखर्च मिळतो आणि या सगळ्या उपक्रमाचा खर्च कोण करते, हे यादीच्या पहिल्या पानावर छापले गेले पाहिजे. नाहीतर औषध विकणाराच कौल लावणार आणि देवाच्या तोंडून बोलणारही तोच.

आपल्या देशात याचा संबंध थेट किमतीशी येतो. १९७५ च्या हाथी समितीने ११७ अत्यावश्यक औषधांची यादी सुचवली होती. आजची राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांची यादी २०२२ ची असून तीत ३८४ औषधे आहेत, आणि २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार या यादीच्या आधारे औषधांच्या कमाल किमती ठरतात. यादीत काय यावे याविषयीचे मत म्हणजे पर्यायाने गिरणीतून, शेतातून, घरकामातून मिळालेल्या मजुरीतला किती वाटा औषधाच्या दुकानात जावा याविषयीचे मत होय. ते देणाऱ्यांत मजुरी मिळवणारा कोणीच नसावा, हे कसे चालेल?

दाराबाहेरचा सहावा

येथे नेहमीचा आक्षेप घेतला जातो की, औषधाचे शास्त्र सामान्य रुग्णाला काय कळणार? रेणूची रचना त्याला कळणार नाही, हे मान्य. परंतु औषधाचा परिणाम केवळ रेणूवर ठरत नाही. दिवसातून तीनदा जेवणानंतर घ्यावयाची गोळी दोनदाच जेवणारा माणूस कशी घेतो, हे त्यालाच ठाऊक असते. लघवी वाढवणारी गोळी बसवाहक सकाळच्या पाळीला टाळतो, कारण वाटेत उतरण्याची सोय नसते. ज्या घरात वीज टिकत नाही आणि शीतकपाट नाही, तेथे इन्सुलिन माठाशेजारी ठेवावे लागते. या गोष्टी फार्मासिस्टला, परिचारिकेला, आशा कार्यकर्तीला माहीत असतात. प्रश्नावली ज्यांच्याकडे जाते त्या तज्ज्ञाला त्या माहीत असतीलच असे नाही. आरोग्यसेवेच्या संशोधनात हेही ज्ञानच आहे, आणि ते चाचणीच्या कोष्टकात सापडत नाही.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. कामगार राज्य विमा महामंडळाची रचना करताना १९४८ च्या कायद्यानेच वैद्यकीय व्यवसायाच्या आणि मालकांच्या प्रतिनिधींबरोबर कामगारांच्या प्रतिनिधींना जागा दिली होती. जागा मिळाल्याने सत्ता मिळतेच असे नाही, हा अनुभवही आपल्यापाशी आहे. एका रुग्णाला अकरा डॉक्टरांच्या मध्ये बसवून त्याची सही घेणे म्हणजे सहभाग नव्हे. त्यासाठी रुग्णांचा आणि खालच्या कर्मचाऱ्यांचा गट वेगळा भरवावा, त्यांच्या भाषेत भरवावा, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे मत तोंडी टिपून घ्यावे, आणि त्यांचा क्रम व तज्ज्ञांचा क्रम शेजारी शेजारी छापावा. दोहोंत जेथे तफावत दिसेल, नेमके तेथेच संशोधनाला आरंभ व्हावयास हवा.

म्हणून आरोग्यक्षेत्रातील संघटनांत, रुग्णालयांत, औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत काम करणाऱ्या साथींनी या पद्धतींचा अभ्यास करावा आणि त्या वापरल्या जातील तेथे काही गोष्टींचा आग्रह धरावा. ज्या प्रश्नाचे उत्तर चाचणीने मिळालेले आहे वा मिळू शकते, त्यावर मतदान घेऊ नये. सहमतीची टक्केवारी पहिल्या फेरीआधी जाहीर व्हावी. किती जण मधून गळाले हे सांगितले जावे, आणि अल्पमताची कारणे निकालाबरोबर छापली जावीत. कारण आजचे अल्पमत उद्याच्या चाचणीत खरे ठरू शकते. गटाची निवड, पैसा आणि हितसंबंध उघडे असावेत. आणि नवा पुरावा येताच सहमती मोडण्याची मुदत व जबाबदारी आधीच ठरलेली असावी.

या शेवटच्या अटीचे मोल २०२१ मध्ये आपण मोजले आहे. ऑक्टोबर ते मे या सात महिन्यांत त्या सूचना रोज वाचल्या गेल्या, रोज चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या आणि रोज कोणीतरी प्लाझ्मासाठी धावले. पुरावा देशातच, सरकारी संस्थेच्याच हातात होता. नव्हती ती त्याच्यापुढे सहमतीला झुकवणारी व्यवस्था. ती व्यवस्था मागणे हे केवळ डॉक्टरांचे काम नाही. ज्यांच्या देहावर सहमतीचा अंमल होतो, त्या सर्वांचे ते काम आहे.